'आहे' आणि 'असेल' : शब्दांवाचूनची चित्रपुस्तके

शब्द नसलेले चित्रपुस्तक शाळेच्या पुस्तकपेटीत ठेवले, की मोठ्या माणसांकडून एक प्रश्न हमखास येतो : "यात वाचायचे काय?" प्रश्न अगदीच गैर नाही. पुस्तक म्हणजे मजकूर आणि चित्र म्हणजे मजकुराची शोभा, हे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. मजकूर काढून घेतल्यावर उरले काय, असे वाटणे साहजिक आहे. मुलांना मात्र हा प्रश्न पडत नाही. ती पाने पुढेमागे करतात, एखाद्या चित्रावर बोट ठेवून शेजाऱ्याशी हुज्जत घालतात, आणि पुस्तक संपले की पुन्हा पहिल्या पानाकडे वळतात.

या ओढीची तीन कारणे नेहमी सांगितली जातात. पहिले, अक्षरओळख नसलेल्या मुलालाही ही पुस्तके सोपी जातात. दुसरे, चित्रांची भाषा साऱ्या जगाची एकच असते. तिसरे, इथे प्रत्येक मुलाची गोष्ट वेगळी, त्यामुळे कोणाचेच उत्तर चूक नसते. तिन्ही विधाने चांगल्या हेतूने केलेली आहेत. पण तपासून पाहिली तर तिन्ही अपुरी ठरतात, आणि तिसरे तर मुलांवर अन्याय करणारे आहे, असे माझे मत आहे. काही नावाजलेली शब्दरहित पुस्तके समोर ठेवून ते इथे मांडायचे आहे.

मुद्दा थोडक्यात असा. मजकुराचे पुस्तक मुलाला सांगते. शब्दरहित पुस्तक फक्त दाखवते. जे दाखवले त्यातून काय निघते हे मुलाला स्वतःच म्हणावे लागते, आणि कोणी "कशावरून?" असे विचारले तर चित्राकडे बोट दाखवावे लागते. पुरावा सगळ्या वर्गासमोर उघडा असतो. गुरुजींना आणि पहिलीतल्या मुलीला तो सारखाच पाहता येतो. या व्यवहारासाठी मराठीत दोन साधे शब्द आहेत. जे दिसते त्याला आपण 'आहे' म्हणतो, आणि जे दिसण्यावरून ताडतो त्याला 'असेल'. रस्ता ओला आहे. पाऊस पडून गेला असेल. विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला निरीक्षण आणि अनुमान म्हणतात, तो भेद लहान मूलही बोलताना रोज करत असते. चांगले शब्दरहित पुस्तक हा भेद पानापानावर करायला लावते. त्याचे खरे आकर्षण माझ्या मते यात आहे.

हरवलेला बेडूक

अमेरिकन चित्रकार मर्सर मेयर यांचे 'फ्रॉग, व्हेअर आर यू?' हे छोटेखानी पुस्तक १९६९ साली निघाले. त्यात चोवीस रेखाचित्रे आहेत. एका मुलाने बरणीत ठेवलेला बेडूक रात्री, मुलगा आणि कुत्रा झोपलेले असताना, बरणीतून बाहेर पडतो. सकाळी बरणी रिकामी. मग दोघे बुटात शोधतात, खिडकीतून हाका मारतात, रानात जातात, झाडाच्या ढोलीत डोकावतात. शेवटी एका आडव्या ओंडक्यामागे बेडूक, त्याची जोडीदारीण आणि पिल्ले सापडतात. मुलगा एक बेडूक घेऊन घरी निघतो.

गोष्ट एवढीच. पण भाषाशास्त्रज्ञांना ती इतकी उपयोगी वाटली, की रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी तिच्या आधारे एक मोठा प्रकल्प उभा केला. इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की बोलणारी मुले व मोठी माणसे हेच पुस्तक पाहून गोष्ट कशी सांगतात, हे त्यांनी नोंदवले. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला. पुढे इतर अनेक भाषांच्या अभ्यासकांनी ही 'बेडकाची गोष्ट' वापरली. या अभ्यासांत ठळकपणे दिसलेली एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. तीन वर्षांची मुले बहुधा एकेका चित्राचे वर्णन करतात : हा कुत्रा आहे, ही बरणी आहे. नऊ वर्षांची मुले चित्रे एका सूत्रात ओवतात : बेडूक पळाला, म्हणून ती दोघे त्याला शोधत आहेत. 'शोधणे' हे कोणत्याही एका चित्रात दिसत नाही. बुटात डोकावणारा मुलगा दिसतो. तो शोधतो आहे, हे मागचे चित्र लक्षात ठेवून ताडावे लागते. तेव्हा अशी पुस्तके सोपी असतात, हे पहिले विधान इथेच डळमळते. पाने उलटणे सोपे आहे. धागा धरणे ही वयाबरोबर येणारी आणि सरावाने वाढणारी कमाई आहे.

या पुस्तकातला सर्वांत सुंदर प्रसंग मधोमध येतो. मुलगा एका खडकावर चढून, फांद्यांसारखे काहीतरी धरून हाका मारतो. पान उलटले की तो हरणाच्या डोक्यावर आडवा झालेला दिसतो. त्या फांद्या नव्हत्या, शिंगे होती. मुले इथे हटकून मागचे पान पुन्हा उघडतात. "शिंगे आधीपासूनच होती!" असे एक जण म्हणतो. "त्याला फांद्या वाटल्या असतील," असे दुसरी म्हणते. हा दुसरा 'असेल' साधा नाही. आपल्याला आता ठाऊक झालेले दुसऱ्याला तेव्हा ठाऊक नव्हते, हे त्यात धरलेले आहे.

आता तिसरे विधान पाहू. "बेडूक चोराने नेला," असे एखादे मूल म्हणाले तर? ते उत्तर चूक आहे, आणि तसे म्हणायला हरकत नाही. कारण बेडूक स्वतः बरणीतून पाय बाहेर टाकताना चित्रात दिसतो. "हरणाने मुद्दाम मुलाला पाडले," हे उत्तर चित्राला धरून आहे, पण हेतू चित्रात दिसत नाही. तो 'असेल'च्या खात्यात राहतो. "मुलाने शेवटी आपलाच बेडूक परत नेला," हे तर जवळजवळ सगळेच म्हणतात. पण कशावरून? बेडकावर काही खूण नाही. नीट पाहणाऱ्या मुलांचे इथे एकमत होईलच असे नाही, आणि पुस्तक त्यांच्यात निवाडा करत नाही.

म्हणजे उत्तरे तीन प्रकारची झाली : चित्राने खोडून काढलेली, चित्राला चालणारी, आणि चित्राने भक्कम केलेली. "सगळ्यांचेच बरोबर" असे म्हणून आपण हा फरक पुसतो, तेव्हा ज्या मुलाने बारकाईने पाहिले त्याच्या पाहण्याला किंमत उरत नाही. ज्याने पाहिलेच नाही त्यालाही पुन्हा पाहायचे कारण उरत नाही. मुलांचा मान राखायचा तर त्यांचे म्हणणे तपासण्याइतके गंभीरपणे घ्यायला हवे.

कोंबड्याच्या तुऱ्यापासून

अनुमान तपासण्याची सर्वांत कडक परीक्षा घेणारे पुस्तक म्हणजे इश्तवान बान्याई यांचे 'झूम'. बुडापेस्टमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले बान्याई २०२२ साली निवर्तले. 'झूम' १९९५ चे. पहिल्या चित्रात लाल, टोकदार आकार दिसतो. पान उलटले की कळते, तो कोंबड्याचा तुरा आहे. मग कोंबडा दिसतो. त्याला खिडकीतून पाहणारी दोन मुले दिसतात. मग ते शेतावरचे घर. पुढच्या पानावर त्या घरांवर एका मुलीचा भलामोठा हात येतो, आणि ते सगळे गाव खेळण्यातले निघते. ती मुलगी एका छापील मुखपृष्ठावरचे चित्र निघते. ते मुखपृष्ठ जहाजावर पेंगणाऱ्या मुलाच्या हातात असते. ते जहाज शहरातल्या बसवरची जाहिरात असते, ती बस दूरचित्रवाणीच्या पडद्यावर असते, आणि तो संच पाहणारा माणूस एका टपाल तिकिटावर असतो. शेवटी विमान, पृथ्वी, आणि अंधारात एक ठिपका.

या पुस्तकाची ओळख करून देताना त्याची तुलना अनेकदा 'दशघातां'च्या कल्पनेशी होते. कीस बूके या डच शिक्षकाने १९५७ साली 'कॉस्मिक व्ह्यू' हे पुस्तक काढले. मांजर मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीपासून निघून दर चित्रात दहापट मागे जात ते विश्वाच्या टोकाशी पोचते, आणि मग उलट दिशेने दहापट जवळ जात अणूच्या आत शिरते. एकूण चाळीस उड्या. चार्ल्स व रे ईम्स यांचा 'पॉवर्स ऑफ टेन' हा १९७७ चा लघुपट याच पुस्तकावरून सुचलेला. 'झूम'कडे त्याच मालिकेतले पुस्तक म्हणून पाहिले, तर ते सदोष ठरते. त्यातल्या उड्या समान नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काही उड्या आकारमानाच्या नाहीतच. जहाजाकडून जाहिरातीकडे जाताना आपण दूर गेलेलो नसतो. वस्तूकडून वस्तूच्या चित्राकडे गेलेलो असतो. हा फरक न सांगता 'झूम' वापरून कोणी मोजमाप शिकवू लागला, तर मुलांचा गोंधळ होईल. मोजमापासाठी बूके यांचाच रस्ता चांगला, आणि तिथे शब्द व आकडे लागतातच.

मग 'झूम' कशासाठी? दर पानाला मूल एक अंदाज बांधते, आणि पुढचे पान तो अंदाज मोडते. चार-पाच वेळा फसल्यावर मुलांच्या बोलण्यात बदल होतो. "हे जहाज आहे" असे ठामपणे म्हणणारा मुलगा "हेही चित्रच असेल" असे म्हणू लागतो. शेवटच्या ठिपक्यापाशी एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतोच : "आणि हा ठिपका कशाच्या आत आहे?" उत्तर पुस्तकात नाही. पण हाती असलेला पुरावा एवढे सांगतो आणि पुढचे पान वेगळे काही सांगू शकेल, ही जाणीव मुलाने स्वतः फसून मिळवलेली असते. व्याख्या पाठ करून ती येत नाही.

'झूम'ची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याची गंमत मुख्यतः पहिल्या वाचनाची आहे. रहस्य कळल्यावर चित्रांत रेंगाळावे असे त्यात बेडकाच्या गोष्टीच्या मानाने कमी आहे. माणसे येतात आणि जातात, त्यांच्याशी आपला जीव जडत नाही.

एका खिडकीतून

जीव जडणे आणि निरीक्षण या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या तर जीनी बेकर यांचे 'विंडो' हातात घ्यावे. बेकर जन्माने इंग्लंडच्या, पण त्यांचे काम ऑस्ट्रेलियातले. 'विंडो' १९९१ साली आले. त्यातली चित्रे कोलाजची आहेत. पाने, कापड, माती अशा खऱ्याखुऱ्या वस्तू चिकटवून दृश्य उभे करायचे आणि मग त्याचे छायाचित्र छापायचे, ही त्यांची पद्धत. पहिल्या चित्रात एक आई तान्ह्या मुलाला घेऊन खिडकीशी उभी आहे आणि बाहेर दाट रान आहे. पुढे प्रत्येक चित्रात तीच खिडकी, पण दोन वर्षांनंतरची. मुलगा वाढतो. बाहेर पायवाटेचा रस्ता होतो, घरे येतात, टेकडी बोडकी होते, आणि रानाच्या जागी शहर उभे राहते. शेवटच्या चित्रात तो मुलगा चोवीस वर्षांचा बाप झालेला आहे. स्वतःच्या बाळाला घेऊन तो नव्या घराच्या खिडकीशी उभा आहे, आणि बाहेर पुन्हा झाडी आहे.

विज्ञानशिक्षकाने या पुस्तकाची रचना नीट पाहावी. पाहण्याची जागा कायम, दोन निरीक्षणांतले अंतर कायम, आणि बदलते ते फक्त दृश्य. हिमनदी किंवा किनारा किती सरकला हे दाखवण्यासाठी संशोधक वर्षानुवर्षे एकाच जागेवरून छायाचित्रे घेतात, तीच ही रीत. एका चित्रात 'बदल' दिसत नाही. दोन चित्रे शेजारी ठेवली की दिसतो, आणि तेरा चित्रे ओळीने पाहिली की बदलाची दिशा दिसते. "माणसांनी जंगल तोडले" असे वाक्य पाठ्यपुस्तकात असते. इथे ते वाक्य मुलाला स्वतः तयार करावे लागते. ते करताना त्याच्या हेही लक्षात येते, की कोणत्याही एका चित्रात कोणी दुष्टपणा करताना दिसत नाही. प्रत्येक जण आपापले घर बांधतो आहे. शेवटच्या झाडीकडे पाहून आनंद मानावा की काळजी करावी, हे मुलाने ठरवायचे.

माझी तक्रार एकच आहे. पुस्तकाच्या शेवटी लेखिकेचे मनोगत आहे, आणि चित्रांनी न सांगितलेला निष्कर्ष ते सांगून टाकते. त्यातला कळकळीचा भाग खरा आहे. पण तेरा चित्रांनी जो विश्वास वाचकावर टाकला, तो शेवटी थोडा कमी झाल्यासारखा वाटतो. वर्गात वापरताना ते मनोगत मुलांची चर्चा पूर्ण झाल्यावरच वाचावे. पुढे २००४ साली बेकर यांनी 'बिलाँगिंग' हे जोडपुस्तक केले. अमेरिकेत ते 'होम' या नावाने निघाले. त्यात उलटा प्रवास आहे : शहरातली ओसाड, कचऱ्याची गल्ली हळूहळू हिरवी होते. दोन्ही पुस्तके एकत्र पाहिली की मुले "असे होणारच" यावरून "असेही होऊ शकते" यावर येतात, आणि मनोगताचे काम अधिक चांगले होते.

'विंडो'साठी पुस्तक विकत घेण्याचीही गरज नाही, हा त्याचा आणखी एक गुण. वर्गाच्या एकाच खिडकीतून, एकाच जागी बसून, दर महिन्याच्या एका ठरावीक दिवशी चित्र काढायचे. जून ते एप्रिल अकरा चित्रे होतात. पळसाची पानगळ, शेतातले पीक, ओढ्याचे पाणी, नवा पत्र्याचा निवारा असे सगळे त्यात येते. एप्रिलमध्ये ती ओळीने भिंतीवर लावली की वर्गाचे स्वतःचे शब्दरहित पुस्तक तयार होते.

चित्र चुकीचे असू शकते

शब्द नाहीत म्हणून पुस्तक खोटे बोलू शकत नाही, असे समजण्याचे कारण नाही. येला मारी आणि एन्झो मारी या इटालियन चित्रकार जोडप्याचे सफरचंद आणि फुलपाखरू यांच्यावरचे पुस्तक १९६० च्या दशकातले. मोजके रंग आणि स्वच्छ आकार यांमुळे ते आजही नवे वाटते. सफरचंदाच्या आत एक अंडे आहे. त्यातून अळी निघते, फळ कुरतडून बाहेर पडते, फांदीवर कोश करते. कोशातून फुलपाखरू निघते आणि सफरचंदाच्या फुलात अंडे घालते. फुलाचे फळ होते, आणि फळाच्या आत पुन्हा तेच अंडे. शेवटचे पान पहिल्या पानाला जोडले जाते. 'जीवनचक्र' या शब्दातले 'चक्र' इतक्या स्पष्टपणे दाखवणारे पुस्तक विरळाच.

पण सफरचंदात नेहमी सापडणारी अळी पतंगाची असते, आणि तिची मादी अंडे फुलात पुरून ठेवत नाही. ती पानांवर किंवा वाढत्या फळाच्या सालीवर अंडी घालते. अळी अंड्यातून बाहेर आल्यावर फळ पोखरून आत शिरते. पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावात फुलपाखराऐवजी पतंग आला आहे, पण चित्रे तीच राहिली. मारींना कीटकशास्त्राचा धडा लिहायचा नव्हता हे मान्य. तरीही चित्रातले चक्र इतके पटण्याजोगे आहे, की मूल त्यावर विश्वास ठेवतेच. शब्दातली चूक खोडता येते. देखण्या चित्रातली चूक मनात घर करून बसते.

म्हणून हे पुस्तक टाकावे का? मुळीच नाही. त्याच्या शेजारी आपला आंबा ठेवावा. वरून धड दिसणारा आंबा कापला आणि कोयीत भुंगा निघाला, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. "हा आत शिरला कसा?" हा प्रश्न मुले विचारतातच. याही भुंग्याची मादी अंडे कोवळ्या कैरीच्या सालीवर घालते. अळी गर पार करून कोयीत जाते आणि फळ वाढते तशी तिची वाट भरून येते. छिद्र दिसत नाही, म्हणून आत कोणी गेलेच नाही असे म्हणता येत नाही. सफरचंदाच्या पुस्तकातले 'आहे' इथे पुन्हा 'असेल' होते. मग खऱ्या फळावर, भिंगातून, ते तपासायचे असते. पुस्तक पाहून मुले फळ कापायला धावली, तर त्या पुस्तकाने चुकूनही मोठे काम केले असे मी म्हणेन.

जगाची एकच भाषा?

आता दुसरे विधान राहिले : चित्रांची भाषा सार्वत्रिक असते. नेपाळमध्ये युनिसेफच्या साह्याने ग्रामीण प्रौढांना वेगवेगळी चित्रे दाखवून १९७६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेजारी शेजारी मांडलेली चित्रे एकाच घटनेचे पुढचे-पुढचे टप्पे आहेत, असे अनेकांना वाटले नाही. यात नवल नाही. डावीकडचे आधी आणि उजवीकडचे नंतर, हा चित्राचा गुण नाही. तो आपल्या लिपीचा संस्कार आहे. उर्दू वाचणाऱ्याचा संस्कार उलटा असतो. दोन चौकटींत दिसणारी दोन मुले म्हणजे एकच मुलगा, लहान काढलेले घर म्हणजे दूरचे घर, डोक्याजवळच्या तीन रेघा म्हणजे दचकणे, हे सगळे संकेत आहेत आणि ते शिकावे लागतात. पुस्तकांच्या घरात वाढलेले मूल ते नकळत शिकते. ज्याच्या घरी पुस्तक नाही, त्याला ते शाळेने द्यायचे असतात. "चित्र तर आहे, समजेल की" म्हणून पुस्तक त्याच्यापुढे टाकून आपण निघून गेलो, तर मागे पडणारे मूल पुन्हा तेच असते.

मग शब्दरहित पुस्तके भाषांच्या भिंती ओलांडतात असे जे म्हणतात, त्यात तथ्य किती? तथ्य आहे, पण थोडे वेगळे. इटलीच्या लाम्पेदूसा बेटावर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून समुद्रमार्गे येणाऱ्या मुलांसाठी आणि तिथल्या स्थानिक मुलांसाठी 'इबी' या बालसाहित्याच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली शब्दरहित पुस्तकांचा एक संग्रह सुरू केला. जगभरातून अशी पुस्तके तिथे जमा केली गेली. त्यामागचा विचार साधा होता. दोन मुलांना एकमेकांची भाषा येत नसली, तरी दोघांची बोटे एकाच चित्रावर ठेवता येतात. कोणाच्याच भाषेत मजकूर नसल्यामुळे कोणी यजमान नाही आणि कोणी पाहुणा नाही.

शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराच्या 'द अरायव्हल' (२००६) या पुस्तकाने हीच गोष्ट वाचकावर उलटवली आहे. परक्या देशात पोटासाठी गेलेल्या एका माणसाची ही कथा. त्या देशातल्या पाट्या टॅन यांनी स्वतः रचलेल्या लिपीत आहेत, प्राणी आणि फळे कोणीच न पाहिलेली आहेत. त्यामुळे आपण कितीही शिकलेले असलो, तरी या पुस्तकापुरते निरक्षर होतो आणि नायकाबरोबर चाचपडत वाट काढतो. हे पुस्तक लहानांसाठी नाही. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी ते सावकाश पाहावे. मेळघाटातले कोरकू बोलणारे किंवा सातपुड्यातले पावरी बोलणारे मूल पहिल्या दिवशी मराठी वर्गात येते, तेव्हा त्याला भिंतीवरचे तक्ते कसे दिसत असतील, याचा अंदाज त्यावरून येतो. अशा वर्गात शब्दरहित पुस्तकाचा मोठा उपयोग हा, की मुलाला आधी स्वतःच्या भाषेत विचार करता येतो. चित्रातल्या प्राण्याला तो आपला शब्द देतो, शिक्षक आपला शब्द देतो, आणि दोघांमध्ये चित्र साक्षीला असते.

शिक्षकाचे काम

ही पुस्तके सर्वांत अधिक बिघडतात ती आपल्या बोलण्याने. चित्र उघडले की आपण गोष्ट सांगू लागतो. मुले चित्र सोडून आपल्या तोंडाकडे पाहू लागतात, आणि जे पुस्तक मुद्दाम मजकूर वगळून केले होते, त्याला आपण मजकूर जोडून मोकळे होतो. दुसरा प्रकार खाली प्रश्न लिहिण्याचा : 'चित्रात किती झाडे आहेत? मुलाच्या सदऱ्याचा रंग कोणता?' यात 'आहे' तेवढे उरते, 'असेल' गळून पडते. मराठीत माधुरी पुरंदरे यांचे 'चित्रवाचन' याच वाटेवरचे पुस्तक आहे. चित्र वाचायचे असते, हे त्यांनी नावातच सांगितले आहे. वाचणे म्हणजे मोजदाद करणे नव्हे.

खरे तर शिक्षकाला दोनच प्रश्न पुरतात. "काय दिसते?" आणि "कशावरून?" पहिल्याची उत्तरे फळ्याच्या एका बाजूला 'आहे' खाली लिहावीत. ज्यांना दुसरा प्रश्न विचारावा लागला, ती दुसऱ्या बाजूला 'असेल' खाली जावीत. पान उलटले की 'असेल' मधली काही वाक्ये 'आहे' मध्ये जातील, काही पुसावी लागतील, काही तशीच राहतील. जी तशीच राहतात ती पुसू नयेत. बेडूक तोच होता की दुसरा, हे वाक्य फळ्यावर दोन दिवस राहिले तरी चालेल. आणि शिक्षकानेही आपले एखादे वाक्य मुलांच्या वाक्यांत लिहावे, मात्र कशावरून ते सांगून, म्हणजे मुलांना तेही खोडता येईल.

आपल्या परीक्षेत 'असेल' या शब्दाला फारसे गुण नाहीत. ठाम वाक्य लिहिणारा विद्यार्थी हुशार ठरतो आणि "बहुधा" म्हणणारा कच्चा ठरतो. प्रयोगवहीत तर निष्कर्ष आधी लिहून निरीक्षणे मागाहून जुळवण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. पहिली-दुसरीत निरीक्षण आणि अनुमान सहज वेगळे बोलणारे मूल दहावीपर्यंत तो भेद विसरते, याला आपली शिकवण्याची पद्धत बऱ्याच अंशी जबाबदार आहे. शब्दांवाचूनची चार-दोन पुस्तके ही पद्धत बदलतील असा माझा दावा नाही. पण पुस्तकपेटीतले असे एक पुस्तक घेऊन अर्धा तास बसले, तर मुलाला ठामपणे केव्हा बोलावे आणि केव्हा थांबावे हे कळते, याचा प्रत्यय कोणत्याही शिक्षकाला घेता येईल. त्यासाठी पहिली पाच मिनिटे मात्र त्याने स्वतः गप्प राहायला हवे.